गाडीचं नाव नको, भागाचा नंबर सांगा

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुणाच्या आवारात वडिलांच्या वेळचा टाटा-मर्सिडीज ट्रक उभा असतो आणि तो पुन्हा चालता करायची जिद्द असते. पण सुट्या भागांपाशी घोडं अडतं. टाटांच्या टेल्कोचा डाइम्लर-बेंझशी करार १९५४ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये संपला. म्हणजे मर्सिडीजचा तारा मिरवणारी गाडी आता पन्नाशीच्या पुढची. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेल्या फार्गो ट्रकचीही तीच गत.

दुकानदाराला फोन करून ‘साठ-बासष्टच्या ट्रकचा माल आहे का’ विचारलं, तर नकारच येतो. कारण त्याच्या फळीवर माल गाडीच्या नावाने लागलेला नसतो. ट्रक बनवणाऱ्याने सगळे भाग स्वतः बनवलेले नव्हते. बेअरिंग एकाचं, डिझेल पंप दुसऱ्याचा, स्टार्टर तिसऱ्याचा. म्हणून भाग उतरवा, रॉकेलने धुवा आणि त्यावरचा नंबर वाचा. बेअरिंगच्या कडेवर ६३०५ दिसलं की आतलं माप २५, बाहेरचं ६२ आणि जाडी १७ मिलिमीटर. ते कुठल्याही चांगल्या कंपनीचं बसतं. डिझेल पंपावर मायकोची पट्टी असेल तर तिच्यावरचा पूर्ण नंबर, अक्षरांसकट, उतरवून घ्या.

ऑइल सीलवरचा नंबर बहुधा पुसलेला असतो. अशा वेळी जुनं सील मोजू नये. तेल पिऊन त्याचं रबर फुगलेलं असतं आणि ओठ झिजलेला. व्हर्निअर शाफ्टवर लावा, मग सील बसतं ते भोक मोजा, शेवटी खोली. ही तीन मापं हातात असली की काम सोपं. क्लच प्लेटला व्यास आणि मधले दात मोजायचे. बोल्टांच्या बाबतीत जपून: टाटा-मर्सिडीजचे आटे मेट्रिक, फार्गोचे इंची, आणि मधल्या काळात कुणी मिस्त्रीने भलताच बोल्ट ठोकलेला असू शकतो.

दिल्लीचं काश्मिरी गेट, मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ला हे जुने बाजार. फार्गोत पर्किन्सचं पी-सिक्स इंजिन असेल तर शोध आणखी रुंदावतो. हे इंजिन मद्रासच्या सिम्पसनने इथे बनवलं, आणि इंग्लंडमध्ये ते फोर्डसन ट्रॅक्टरला आणि बोटींनाही लागायचं. त्यामुळे तिकडचे जुन्या ट्रॅक्टरांचे दुकानदार त्याचा माल अजून ठेवतात. मात्र किमतीत कस्टम ड्युटी धरा.

चांगला विक्रेता मला त्याच्या प्रश्नांवरून कळतो. बेअरिंग शेल मागितल्यावर ‘क्रँक घासलाय का, दहा की वीस साइज’ असं विचारणारा माणूस धरून ठेवावा. काही न विचारता भाव सांगणाऱ्याला सोडून द्यावं. कॅटलॉगमधलं चित्र नको, प्रत्यक्ष वस्तूचा पट्टीशेजारचा फोटो मागा. जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का पाहा. दिल्लीचा ०७ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पहिली ऑर्डर लहानच द्या. टपालाच्या व्हीपीपीत पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येत नाही, हे लक्षात असू द्या. अ‍ॅक्सल, ब्लॉक असा जड माल ट्रान्सपोर्टने भिवंडीला मागवून तिथून टेम्पो केलेला बरा. बिल्टी ‘टू-पे’ असेल तर भाडं तुम्ही द्यायचं, ते आधी ठरवा.

एका गोष्टीत तडजोड नको. ब्रेकचं रबर, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप आणि होस पाइप, ‘जुना पण न वापरलेला माल’ म्हणून कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पाकिटात पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं. भरलेला ट्रक उतारावर थांबवायचा असतो. सिलिंडरचा व्यास कळवून ताजे कपच घ्या.

जे टपालाने मिळत नाही ते इथे बनतं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, एमआयडीसी आहे, आणि उल्हासनगरातही लेथवाले आहेत. किंगपिनचे आणि पाट्यांचे बुश त्यांच्याकडून करून घ्या. झिजलेला बुश नमुना म्हणून देऊ नका, नवाही तेवढाच ढिला होईल. पिन आणि भोक मोजून कागदावर आकृती काढा, धातू गनमेटल असं लिहा, आणि बुश दाबून बसवल्यावर आतलं भोक किंचित आवळतं म्हणून शेवटचं रीमिंग गाडीवरच करायचं असंही नोंदवा.