भिंग कोणतें निवडावें?

नाट्यप्रयोग व्हिडिओ-कॅमेऱ्यानें टिपावयाचा असल्यास छायाचित्रकारापुढें पहिला प्रश्न भिंगाचा. झूम भिंग एकाच जागेवरून सबंध रंगमंच दाखवितें आणि नटीच्या डोळ्यांतील पाणीही. पण त्याची किंमत उजेडांत मोजावी लागते. दृश्य पूर्ण जवळ ओढतांना एफ १.८ चें छिद्र २.८ वर आलें, तर निम्म्याहूनही कमी प्रकाश उरतो. स्थिर भिंग अधिक उजेड घेतें. परंतु तें बदलेपर्यंत प्रवेश कोणासाठीं थांबत नाहीं. शिवाय छिद्र मोठें, तितकी स्पष्टतेची खोली कमी. 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटांत कूब्रिकनें मेणबत्तीच्या उजेडासाठीं झाइसचें एफ ०.७ भिंग वापरलें, तेव्हां नटांना जवळजवळ निश्चल राहावें लागलें. रंगमंचावरचा नट असें ऐकेल थोडेंच! तेथें झूमच बरें. मात्र रंगीत तालमींत सर्वांत मंद प्रवेशावर तें पूर्ण ओढून पारखावें.