मुदत टळलेली पुस्तके आणि अपूर्णांक

ग्रंथालयातून नेलेले पुस्तक वेळेवर परत न केल्यास दंड भरून प्रश्न सुटत नाही. त्या पुस्तकाची वाट पाहणारा दुसरा वाचक ताटकळत राहतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे एक सूत्र होय. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. किती वाचकांची पुस्तके अडून राहिली, हे कळण्यासाठी ग्रंथपालालाही गणिताचाच आधार घ्यावा लागतो.

पुढील उदाहरण पाहा. एका ग्रंथालयाने काही पुस्तके वाचकांना दिली. त्यांपैकी २/५ पुस्तके मुदतीत परत आली नाहीत. स्मरणपत्रे पाठविल्यावर या थकलेल्या पुस्तकांपैकी ३/४ पुस्तके परत मिळाली. तरीही १२ पुस्तके येणे राहिली. तर एकूण किती पुस्तके दिली होती?

अनेक विद्यार्थी घाईने २/५ मधून ३/४ वजा करू पाहतात. परंतु ३/४ हा अपूर्णांक २/५ पेक्षा मोठा आहे. मग थकली त्यांहून अधिक पुस्तके परत आली काय? चूक वजाबाकीत नसून वाचनात आहे. २/५ हा भाग दिलेल्या सर्व पुस्तकांचा आहे, तर ३/४ हा केवळ थकलेल्या पुस्तकांचा. म्हणून ‘कशाचा भाग?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

थकलेल्यांपैकी पाऊण हिस्सा परत आला, म्हणजे पाव हिस्सा उरला. २/५ चा १/४ म्हणजे १/१०. एकूण पुस्तकांचा दहावा भाग १२ आहे. म्हणून एकूण पुस्तके १२० होत.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ. स. ११५०) या ग्रंथात अशा उदाहरणांसाठी ‘इष्टकर्म’ ही रीत दिली आहे. तीत सोयीची संख्या गृहीत धरतात. समजा, पुस्तके २० होती. मग ८ थकली, ६ परत आली व २ उरली. प्रत्यक्षात १२, म्हणजे सहापट, उरली आहेत. म्हणून २० ची सहापट, १२० हेच उत्तर येते. शिल्लक राहिलेली संख्या मूळ संख्येच्या ठरावीक प्रमाणात असेल, तेव्हाच ही रीत लागू पडते.

उत्तराचा ताळा अवश्य घ्यावा. १२० पैकी ४८ थकली, ४८ ची पाऊणपट ३६ परत आली व १२ उरली. ताळा जुळला, आता त्या १२ पुस्तकांसाठी पुन्हा स्मरणपत्रे पाठविणे ग्रंथपालाकडे उरले.