मोटारीची कुरकुर आणि पुराव्याची छाननी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात की इतिहासातील एखादे प्रकरण घ्यावे, असा विचार आमच्या मनात होता. परंतु गेल्या वर्षी आमच्या जुन्या मोटारीने आमची जी परीक्षा घेतली, तिच्याविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे वाटले. आपले अनेक माजी विद्यार्थी आज मोटार बाळगून आहेत. आपल्या घरांत येणारी पहिली मोटार बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून आलेली असते. तिच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून छातीत धस्स होते आणि मग मोबाइलवर चित्रफिती पाहून माणूस स्वतःच पाना हाती घेतो. आम्हीही तेच केले.

ही मोटार केवळ आमच्या हौसेची नव्हे. विद्यालयाच्या आवाराला लागूनच आम्ही राहतो. रात्री-अपरात्री वसतिगृहातील एखाद्या मुलाला ताप चढला की अधीक्षकांचा पहिला फोन आम्हांलाच येतो. डांबरी रस्त्यापासून विद्यालयापर्यंतचा तीन किलोमीटरचा खडबडीत तुकडा पंधरा वर्षे तुडवून मोटारीचे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळू लागले होते. लोअर आर्मचे रबरी बुशही फाटले होते. मे महिन्याच्या सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांना मदतीला घेऊन आम्ही काम काढले. शॉकअपवरची स्प्रिंग मात्र आम्ही सोडवली नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडण्याइतकी ताकद साठलेली असते, म्हणून ते काम गॅरेजमध्ये योग्य अवजाराने करून घेतले. बुश आर्ममध्ये बसवण्यासाठी प्रेस लागतो, तेही बाहेरून करून आणले. बाकी सोडणे-जोडणे आमचे. मोटार नुसत्या जॅकवर कधी ठेवली नाही, खाली घोडी लावल्याशिवाय कोणी अंग घातले नाही. एवढी शिस्त आम्ही पाळली, आणि कदाचित त्यामुळेच आपल्या कामात चूक असू शकते, ही शंका मनाला शिवली नाही.

येथे रचना थोडी समजून घ्यावी लागेल. मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान मोटारींपर्यंत पुढच्या चाकांना जी पद्धत असते, तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून हे नाव पडले. १९५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातील मोटारींमधून ती रस्त्यावर आली. तिच्यात शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब होतो. खांबाचे वरचे टोक बोनेटखालच्या घुमटीला रबरी माउंटिंगने जोडलेले असते. खालच्या बाजूला लोअर आर्म असतो, दाराच्या बिजागरीसारखा वर-खाली होणारा. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला बुश. अँबॅसिडरमध्ये पुढे पीळ खाणारे पोलादी दांडे आणि मागे टांग्यासारख्या कमानी असत, ती चाल वेगळी होती. या नव्या रचनेत सुटे भाग कमी, जागाही कमी लागते. मात्र एका सांध्यातील दोष दुसरीकडूनच बोलल्यासारखा ऐकू येतो, कारण मोटारीचा पत्रा हा एक मोठा ढोलच आहे.

काम झाल्यावर आठवडाभर मोटार मुकाट चालली. मग दोन आवाज सुरू झाले. मागून अधूनमधून "खट्" आणि पुढून, गतिरोधकावर किंवा हळू ब्रेक लावताना, जुन्या पलंगासारखी लांबलचक "कुर्रर्र".

आठवडाभराने सुरू झाला, म्हणजे दुरुस्तीशी संबंध नाही, असा निष्कर्ष आम्ही त्याच दिवशी काढून मोकळे झालो. ही आमची पहिली चूक. वास्तविक इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला हे कळायला हवे होते की कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काळ जातो. रबराला झिजायला, नटाला सैल व्हायला, वॉशरला बसायला दिवस लागतात. दुरुस्तीनंतर महिन्याभरात आलेल्या प्रत्येक आवाजाचा पहिला संशयित म्हणजे आपण हात लावलेला भाग, असे धरूनच चालावे.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. नवा शॉकअपच सदोष निघाला, असे ठरवून आम्ही तालुक्याच्या गावी दुकानदाराकडे गेलो आणि त्यांना चार शब्द सुनावले. ते बिचारे काही बोलले नाहीत. "सर, तुम्ही म्हणताय तर बदलून घ्या," म्हणाले. उजव्या बाजूचा शॉकअप बदलला, पुन्हा एक रविवार गेला. सोमवारी सकाळी पहिल्याच गतिरोधकावर "कुर्रर्र".

त्यानंतर जूनमधली एक रात्र. सहावीतल्या मुलाला ताप आणि उलट्या होत होत्या. मागच्या आसनावर तो, अधीक्षक आणि मुलाचा थोरला भाऊ, पुढे आम्ही. मोटारीत वजन वाढल्याने कुरकुर प्रत्येक खड्ड्यावर येत होती. आर्म तुटून चाक निखळले तर, हा एकच विचार ग्रामीण रुग्णालय येईपर्यंत डोक्यात होता. वीस किलोमीटरच्या वेगाने गेलो. मुलगा दोन दिवसांत बरा होऊन परत आला, पण नेमके काय बिघडले आहे हे न कळता पुन्हा कोणाचे मूल या मोटारीत बसवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

दुसऱ्या दिवशी एक वही केली. घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली बखर आणि घटनेच्या दिवशी लिहिलेले पत्र यांना सारखे वजन देऊ नये, हे आम्ही वर्गात शिकवतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आम्ही आठवणीवर विसंबलो होतो. वहीत आवाज आला त्या क्षणी, म्हणजे मोटार बाजूला थांबवून लगेच, लिहायचे: वेग किती, रस्ता कसा, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग वळलेले होते का, माणसे किती, पाऊस होता का.

अशा नोंदींतून पहिली विभागणी होते ती अशी. आवाज चाकाच्या फिरण्याबरोबर वाढत-घटत असेल, तर तो ब्रेकच्या मागचा वाकलेला पत्रा, बेअरिंग किंवा टायर यांचा. चाक वर-खाली झाल्यावरच येत असेल, तर सस्पेन्शनचा. उभ्या मोटारीत नुसते स्टिअरिंग फिरवल्यावर "टण्ण" असा टणत्कार झाला, तर स्प्रिंगचे टोक आपल्या खाचेत बसलेले नाही किंवा वरचे बेअरिंग अडकते आहे, असे समजावे. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खटखट आणि दोन्ही चाके एकदम गतिरोधकावरून गेल्यावर शांतता असेल, तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंकवर जातो, कारण दोन्ही चाके सारखी उचलली गेली की त्या दांड्याला पीळ पडत नाही. बारीक खड्यांवर "टक् टक्" येत असेल, तर खांबाच्या माथ्याचा नट तपासावा. बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा सापडला, तर मात्र वही मिटून मोटार उभीच करावी. तो सांधा सुटला की चाक आडवे होते.

मागच्या "खट्"चा निकाल वहीने दोन दिवसांत लावला. तो आवाज केवळ मागे कोणी बसलेले नसताना येत होता. डिकी उघडली तर आत आमचाच जॅक मोकळा पडलेला. काम आटोपल्यावर तो पट्ट्याने बांधायचा राहिला होता. विज्ञानाचे शिक्षक इतके हसले की आम्हांलाही हसावे लागले.

"कुर्रर्र" मात्र हटेना. नोंदी बोलक्या होत्या: मंद वेगात अधिक, वजन वाढले की अधिक. आणि एक नोंद अशी, जिचा अर्थ आम्हांला लागला नव्हता. ओढ्याच्या फरशीवरून पाणी उडवत गेलो, त्यानंतर अर्धा तास आवाज बंद.

शेवटी आमचाच एक माजी विद्यार्थी, जो आज जिल्ह्याच्या ठिकाणी गॅरेज चालवतो, त्याला वही दाखवली. त्याने पाण्याच्या नोंदीवर बोट ठेवले. "सर, हे रबर बोलतंय. धातू पाण्यानं असा गप्प बसत नाही." मग त्याने एकच प्रश्न विचारला, "आर्मचा बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा चाक जमिनीवर होतं की हवेत?"

हवेत होते. अर्थातच हवेत होते. मोटार घोडीवर असतानाच आम्ही सगळे बोल्ट जोर लावून आवळले होते आणि काम चोख झाले म्हणून समाधान मानले होते.

हा मुद्दा बहुतेक चित्रफितींत निसटून जातो, म्हणून सविस्तर सांगतो. या प्रकारच्या बुशमध्ये दोन पोलादी नळ्या असतात, एकीत दुसरी, आणि मधल्या जागेत रबर घट्ट चिकटवलेले असते. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतली नळी बोल्ट आवळला की मोटारीच्या सांगाड्याशी जखडली जाते. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, मधले रबर पीळ खाते आणि परत येते. बोल्ट ज्या स्थितीत आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती. चाक हवेत लोंबत असताना आवळला, तर मोटार जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ पडतो. त्यात वजन आणि खड्डा यांची भर पडली की ते सहनशक्तीपलीकडे ताणले जाते, कडेने घासते, कुरकुरते आणि काही महिन्यांत फाटते. पाण्याने घासणे तेवढ्यापुरते थांबते. कोणी येथे ग्रीस किंवा वापरलेले इंजिन ऑइल सोडण्याचा सल्ला देईल, तो मुळीच मानू नये. आवाज थांबेल, पण रबर फुगून नासेल.

उपाय दहा मिनिटांचा होता. गॅरेजच्या खड्ड्यावर मोटार चारही चाकांवर उभी केली, आर्मचे बोल्ट सैल केले. "कुक्" असा लहानसा आवाज होऊन रबराने पीळ सोडला, तो आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला. बोनेटवर दाब देऊन मोटार चार-पाच वेळा झुलवली, ती आपल्या उंचीवर स्थिरावल्यावर पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने बोल्ट आवळले. डाव्या बुशला कडेने चीर गेली होती, तो बदलला. सांधे सोडले होते, म्हणून चाकांचे अलाइनमेंटही करून घेतले. घरी खड्डा नसेल, तर घोडी तशीच ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली दुसरा जॅक लावावा आणि मोटार घोडीवरून किंचित उचलली जाईपर्यंत तो चढवावा. मग बोल्ट आवळावा.

परतताना तालुक्याच्या गावी त्या दुकानापाशी थांबलो. परत केलेला शॉकअप त्यांनी कोपऱ्यात चिठ्ठी लावून ठेवलेला होता. कंपनीने तो "निर्दोष" म्हणून परत पाठवला होता. आम्ही आमची चूक सांगितली, त्याचे पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले आणि चहा मागवला. तो शॉकअप आता आमच्या व्हरांड्यात आहे. विज्ञानाचे शिक्षक तो वर्गात दाखवायला नेतात.

मोटार पुन्हा रात्रीच्या फोनला उठते. मागच्या डाव्या दाराची खडखड अजून आहे. ती बिजागरीची आहे, वहीत तशी नोंद आहे.