उपाशीपोटी रक्त आणि 'नुसती कॉफी'

"डॉक्टरसाहेब, मी उपाशीच होतो. नुसती कॉफी घेऊन निघालो होतो." आमच्या शिरड शहापूरचे एक चाळिशीतले गृहस्थ सांगत होते. सकाळच्या एसटीने वसमतला जाऊन त्यांनी रक्त दिले होते. साखर निघाली १३२. मधुमेह झाला या धास्तीने त्यांची झोप उडाली. दोन दिवसांनी नुसत्या पाण्यावर पुन्हा तपासणी केली, तेव्हा साखर ९१ भरली. त्या 'नुसत्या' कॉफीत दूध आणि दोन चमचे साखर होती!

मग कॉफीने निरोगी माणसाची साखर वाढते का? कोऱ्या कॉफीत साखर जवळजवळ नसतेच. मात्र तिच्यातील कॅफिनमुळे इन्सुलिनचे काम काही तास मंदावते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाने २०२० साली २९ निरोगी स्त्री-पुरुषांवर प्रयोग केला. झोपमोड झालेल्या रात्रीनंतर सकाळी गोड पेयाआधी कडक कोरी कॉफी दिली असता रक्तातील साखरेची वाढ सुमारे ५० टक्के जास्त दिसली. निरोगी शरीर ही वाढ सावरून घेते.

गंमत अशी की, हॉलंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १७ हजारांवर लोकांपैकी भरपूर कॉफी पिणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. म्हणून कॉफी औषध ठरत नाही. सवय नसेल तर मुद्दाम लावून घेऊ नये.

आपल्याकडे खरी अडचण कॉफीची नसून साखरेची आहे. उपवास असो वा पाहुणा, कॉफी दुधात उकळून गोडच होते. चहा-कॉफीचे दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे धरले तरी सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. वरून घातलेली सगळी साखर मिळून २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

तेव्हा वाचकहो, एवढे पाळा. कपातली साखर अर्ध्या चमच्यावर आणा. कॉफी उपाशीपोटी न घेता न्याहारीनंतर घ्या. उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही घेऊ नका. कोरी कॉफीसुद्धा नको. साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ असेल तर सावध व्हा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर घाबरू नका, पण "कॉफीमुळे वाढली असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. नियम पाळून पुन्हा तपासा आणि कागद डॉक्टरांना दाखवा.