पहिलटकरणीचे मन : समज आणि वस्तुस्थिती

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावांत पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, आणि शेकशेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर यांनी शरीराची निगा राखली जात असल्यामुळे बाळंतिणीचे मनही सुखात असणार, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात प्रसूतीनंतर संप्रेरके, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारी नियंत्रक द्रव्ये, एकाएकी उतरल्याने बहुसंख्य बाळंतिणींना दोन-तीन दिवसांत अकारण रडू येते व ते पंधरवड्यात ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप लागेनाशी झाली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते, जो बाहेरची बाधा नसून उपचारांनी बरा होणारा आजार आहे.

हे शहरी बायकांचे चोचले आहेत, हा समज तर आकड्यांपुढे मुळीच टिकत नाही. गोव्यातील जिल्हा रुग्णालयात झालेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, त्यांतील 78 टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता, आणि गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध व बाळाचे लिंग यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून पडलेले घरच्यांचे चेहरे हेही आजाराचे कारण ठरू शकते, हे स्पष्टपणे लिहिलेले बरे.

आई होताच सारे आपसूक जमते, ही समजूत वरकरणी कौतुकाची, पण पहिलटकरणीला सर्वांत जाचणारी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली स्वकार्यक्षमता, म्हणजे अमुक काम आपल्याला जमेल हा विश्वास, मुख्यतः ते काम स्वतः करून यश आल्याने वाढते. म्हणून आजीने बाळाला रोज स्वतःच न्हाऊ घालण्यापेक्षा शेजारी बसून आईच्या हातून ते करवून घेणे अधिक हिताचे होय. बाळ रडले की दूध पुरत नाही, हा शेराही असाच आत्मविश्वास खचवणारा असतो, वास्तविक पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करणे आणि त्याचे वजन वाढणे ही दूध पुरेसे असल्याची खरी खूण आहे.

गावातील आशाताई नवजात बाळासाठी ज्या सहा गृहभेटी देतात त्यांतील शेवटची 42व्या दिवशी असते, सव्वा महिनाही त्याच सुमारास सरतो, आणि गोव्यातील मोजणी नेमक्या याच काळातली होती. तेव्हा बाळाचे वजन करताना आईलाही झोपेविषयी, मनाविषयी विचारले जावे, आणि गरज भासल्यास टेली मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक तिच्या हाती द्यावा.