पडद्याच्या अस्तराला कापड कोणते?
शॉवरचे पाणी न्हाणीघरभर उडू नये म्हणून पडद्याला आतून अस्तर शिवायचे आहे. कापड कोणते घ्याल? ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतून १०० ग्रॅम कोरडे सुती कापड सुमारे ८ ग्रॅम ओलावा घेते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. सुती अस्तर उशिरा वाळते, त्यावर बुरशी येते. पण पॉलिएस्टरची वीण विरळ असेल, तर पाणी आरपार जाईलच! वीण घट्ट आणि धाग्यांवर जलरोधक लेप असेल, तर पृष्ठताणामुळे पाणी बारीक छिद्रांत शिरत नाही. छत्रीचे कापड असेच असते. म्हणून नमुन्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मण्यासारखा राहिला, तर कापड घ्या. मात्र साबणाने पृष्ठताण घटतो. तेव्हा आंघोळीनंतर अस्तर स्वच्छ पाण्याने धुवायला विसरू नका.