दुकानदाराची श्रद्धा आणि ग्राहकाचा हक्क

धर्मश्रद्धेच्या नावाखाली समलिंगी ग्राहकाला सेवा नाकारता येते का, हा वाद परदेशात लग्नाच्या केकवरून गाजला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कोलोरॅडोतल्या बेकरीवाल्याच्या बाजूने निकाल दिला खरा, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली, एवढ्याच मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला.

भारतात श्रद्धेच्या नावाखाली माणसाला अडवण्याचा प्रश्न पाणवठ्यावर उभा राहिला. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी बाहेरच्या हौदावर हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. अस्पृश्यांनी हौद बाटवला, असा गलका तिथल्या मुसलमानांनी केला. अखेर किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. विटाळाची कल्पना एकाच धर्मापुरती नव्हती, हे इथे लख्ख दिसते.

राज्यघटनेचे कलम १५(२) या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. मूलभूत हक्क एरवी बहुतांशी सरकारविरुद्ध असतात; हे कलम मात्र दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या खासगी मालकांनाही बांधते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत लाँड्री आणि केशकर्तनालयाचे काय, अशी शंका निघाली. आंबेडकरांनी दुकानाचा अर्थ ऐसपैस ठेवला: येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, ते दुकान. शिवाय धर्मस्वातंत्र्याचे कलम २५ इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. त्यामुळे श्रद्धेची सबब इथे मुळातच लंगडी पडते.

अडचण निराळीच आहे. कलम १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. लैंगिक कल नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी ‘लिंग’ यात लैंगिक कलही येतो, असे नोंदवले. पण तो निकाल समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंडसंहितेच्या कलम ३७७ चा होता, दुकानाचा नव्हे. तृतीयपंथीयांची बाजू तुलनेने भक्कम आहे. २०१९ च्या कायद्याने त्यांना सेवा नाकारण्यास मनाई केली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या एका ट्रान्स स्त्रीला महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढवण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्ये दिली.

समलिंगी जोडप्याला लॉजवर खोली नाकारली, तर मात्र पोलिसांना लावायला नेमके कलम सापडत नाही. उरतो उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा खर्चिक रस्ता. भेदभावाविरुद्ध सर्वसमावेशक कायदा व्हावा म्हणून शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक मंजूर झाले नाही.